तंबाखूचे पाणी आणि मिझो माणसाचे जठर

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यातील पुरुषांच्या कोष्टकाची दोन टोके पाहण्यासारखी आहेत. एका टोकाला महाराष्ट्रातील उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड हे जिल्हे आहेत. तेथे दर लाख पुरुषांमागे वर्षाला ३९.५ जणांना कर्करोग झाल्याची नोंद आहे. दुसऱ्या टोकाला मिझोरममधील ऐझॉल जिल्हा असून तेथे हेच प्रमाण २६९.४ इतके आहे. वयोमानातील फरकाची वजावट करूनच हे दर काढलेले आहेत, तेव्हा तुलनेत खोट नाही. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतले सगळेच रोगी नोंदवहीपर्यंत पोचतात काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण ती मान्य करूनही जवळजवळ सातपटीची ही तफावत नुसत्या नोंदवहीच्या ढिलाईने उलगडत नाही. कारण भारतातील अन्य शहरे, जेथे नोंदणी उत्तम चालते, तीही ऐझॉलच्या फार मागे आहेत. आणि ऐझॉलच्या पुरुषांत ज्या अवयवाचा कर्करोग अग्रक्रमाने आढळतो तो अवयव म्हणजे जठर. उर्वरित भारतात तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग पुढे असताना या एका डोंगराळ प्रदेशात जठरानेच का मान टाकावी, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तसाच तो राज्यकारभाराचाही आहे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे, की मिझोंच्या रक्तातच काही तरी असावे. दुसरे असे, की त्यांच्या चालीरीतीच विचित्र आहेत. ही दोन्ही उत्तरे मैदानी प्रदेशातील माणसाला सोयीची आहेत, कारण दोहोंमुळे प्रश्न त्यांचा होतो आणि आपला राहत नाही. ईशान्य भारताविषयी लिहिताना इतर प्रांतांतील वृत्तपत्रांची लेखणी बहुधा या दुसऱ्या वाटेने घसरते. 'तंबाखूचे पाणी पिणारे लोक' एवढे शीर्षक दिले की वाचकाची करमणूक होते आणि विषय संपतो. वस्तुतः विषय तेथे सुरू होतो.

हे तंबाखूचे पाणी म्हणजे तुइबुर. जुन्या काळी मिझो स्त्रिया पाण्याच्या भांड्यातून धूर ओढावयाची बांबूची एक चिलीम वापरीत. धुरातील निकोटिन व इतर द्रव्ये त्या पाण्यात उतरत, पाणी तपकिरी व झणझणीत होई, आणि ते लहानशा भोपळ्याच्या तुंबीत भरून ठेवले जाई. त्याचा घोट घ्यावयाचा, तो काही मिनिटे तोंडात धरावयाचा आणि मग थुंकून टाकावयाचा, अशी रीत. ओढणारी स्त्री आणि घोट घेणारा बहुधा पुरुष, अशी श्रमविभागणीही त्यात होती. शेक्सपियर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लुशाई-कुकी कुळांवर १९१२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या निकोटिनच्या पाण्याची नोंद आहे. भेटीला आलेल्या माणसापुढे हा घोट करणे ही आतिथ्याची खूण होती, असे त्यावरून दिसते. आपल्याकडे पानसुपारीचे तबक जे काम करी तेच तेथे ही तुंबी करीत असे. आज चिलीम मागे पडली आहे. तंबाखू जाळून तिचा धूर नळीने पाण्यात सोडावयाचा आणि तयार झालेले पाणी बाटल्यांत भरून विकावयाचे, असा लहानसा घरगुती धंदाच उभा राहिला आहे. शेजारच्या मणिपुरातही हा प्रकार 'हिदाकफू' या नावाने ओळखला जातो. तुइबुरखेरीज हाताने वळलेली 'मेइझिओल' नावाची सिगारेट आहे, चघळण्याची तंबाखू आहे, चुना लावलेल्या पानातली सुपारी, म्हणजे 'कुहवा', तर पावलोपावली आहे.

या साऱ्याला परंपरा म्हणावयाचे ते जरा बेतानेच. तंबाखू ही अमेरिकेची वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानात आली त्याला चारशे वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला आहे. मिझो भाषेत तिला 'व्हाइह्लो' म्हणतात, आणि त्यातील 'व्हाइ' या शब्दाचा अर्थ परका, मैदानी मुलखातला मनुष्य असा आहे. म्हणजे शब्दानेच तिचे परकेपण जपून ठेवले आहे. जी वस्तू परक्याची म्हणून आली ती तीन-चार शतकांत घरातली झाली, तर ती एकदोन पिढ्यांत घराबाहेर जाऊच शकणार नाही असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील वाचकाला याचा पडताळा घरच्या घरी घेता येईल. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री दातांना लावणे ही आपल्याकडील असंख्य आयाबायांची सवय; दात घासण्याच्या निमित्ताने घरात शिरलेली आणि मग दिवसातून चार वेळा हाक मारणारी. तिलाही कोणी व्यसन म्हणत नसे.

मात्र सवयीचा विस्तार पाहिला म्हणजे मिझोरम वेगळे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत मिझोरममधील ७२.९ टक्के पुरुष आणि ६१.६ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, असे आढळले. दोन्ही आकडे देशात सर्वाधिक होते. भारतातील स्त्रियांची सरासरी त्या वेळी ८.९ टक्के होती. आणि हे राज्य निरक्षर नाही. २०११ च्या जनगणनेत तेथील साक्षरता ९१ टक्क्यांवर होती व देशात केरळ आणि लक्षद्वीप यांच्या खालोखाल तिचा क्रम लागत होता. लिहितावाचता येऊ लागले की माणसे आपोआप आरोग्याकडे वळतात, हा शिक्षणखात्यांचा आवडता सिद्धान्त या एका राज्यात लंगडा पडतो. पाकिटावरचा इशारा वाचता येणे निराळे आणि ज्या वस्तूला पाकीटच नाही तिचा धोका कळणे निराळे.

तुइबुरचा धोका कितपत सिद्ध झाला आहे? या बाबतीत २००५ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन महत्त्वाचे आहे. जठराचा कर्करोग झालेले ३२९ मिझो रुग्ण आणि त्यांच्याशी जुळणारी ५८९ निरोगी माणसे यांच्या सवयींची त्यात तुलना करण्यात आली. धूम्रपान चालू असणाऱ्यांत या रोगाची शक्यता २.३ पट, मेइझिओल ओढणाऱ्यांत २.२ पट आणि तुइबुर घेणाऱ्यांत २.१ पट असल्याचे दिसून आले. धूम्रपान सोडून दिलेल्यांत मात्र ही वाढ तितकी ठळक नव्हती. साऱ्या निष्कर्षांत हा एक दिलासा देणारा. त्याच संशोधकांनी आहाराचीही तपासणी केली, तेव्हा धुरावर वाळवलेले खारे मांस, आंबवलेली डुकराची चरबी म्हणजे 'सा-उम', आणि स्वयंपाकातील सोडा यांचाही रोगाशी संबंध दिसला. घोट थुंकला जातो, मग जठरापर्यंत काय पोचते, असा प्रश्न तुइबुर घेणारे करतात. लाळ कोणी मोजून थुंकत नाही, हेच त्याचे उत्तर.

तरीही तंबाखू हे उत्तराचे अर्धेच आहे. दुसरा अर्धा भाग एका जंतूचा आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघा ऑस्ट्रेलियन वैद्यांनी १९८२ साली पर्थ येथे माणसाच्या जठरातून एक वळणदार जंतू वेगळा करून वाढविला. आम्लाने भरलेल्या जठरात जंतू तग धरूच शकत नाही, अशी तोवरची पक्की समजूत होती. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि जठरदाह ओढवून घेतला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे या जंतूचे आज रूढ झालेले नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला निःसंशय कर्करोगकारक ठरविले. त्या दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातल्या घरात होतो. दूषित पाणी, अस्वच्छ हात, एकाच्या तोंडचे दुसऱ्याच्या तोंडी जाणे, दाटीची वस्ती या त्याच्या वाटा. एकदा जठरात ठाण मांडले की उपचाराविना हा जंतू सहसा जन्मभर हलत नाही. जठराच्या अस्तराचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो, अस्तर झिजते, त्याची जात बदलते आणि त्यांपैकी थोड्यांच्या बाबतीत तीनचार दशकांनी कर्करोग उद्भवतो.

येथेच खरी मेख आहे. भारतातील प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांच्या जठरात हा जंतू आहे. महाराष्ट्रात तो आहे, बिहारात आहे, तमिळनाडूत आहे. तरीही जठराचा कर्करोग देशाच्या बहुतेक भागांत तुलनेने कमी आढळतो. जंतू सर्वत्र आणि रोग मात्र ठिकठिकाणीच, या कोड्याने वैद्यकाला पुष्कळ काळ सतावले आहे. जंतूच एकटा दोषी असता तर ऐझॉल आणि बीड यांच्या आकड्यांत एवढे अंतर पडते ना. तंबाखूच एकटी दोषी असती तर बिडी ओढणाऱ्या आणि जर्दा चघळणाऱ्या कित्येक प्रांतांत जठराचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आला असता. तेथे तो तोंडात आणि घशात दिसतो. मिझोरममध्ये या दोन गोष्टींची आणि तिसऱ्या आहाराची गाठ एकाच जठरात पडते, एवढे तरी उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते. धूम्रपानाने जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा आणि त्याला झाकणारा श्लेष्मल थर या दोहोंना बाध येतो, म्हणजे जंतूच्या पुढचा कोटच ढासळतो. जंतूने अस्तर झिजविले की आम्ल कमी होते. आम्ल कमी झाले की एरवी न जगणारे इतर जंतू तेथे वसती करतात, आणि अन्नातील नायट्रेटपासून घातक संयुगे तयार होण्यास वाव मिळतो. त्याच जातीची संयुगे तंबाखूतून आणि धुरावल्या मांसातूनही येत असतात. मीठ त्या दुखावलेल्या अस्तराला आणखी छळते. तंबाखूच्या सवयी आणि या जंतूचा संसर्ग यांचा सांधा मिझो समाजातच तपासण्याचे काम अलीकडे संशोधकांनी हाती घेतले आहे ते याचमुळे.

रक्ताचा सिद्धान्त मात्र येथे फारसा टिकत नाही. आनुवंशिकतेचा काहीच वाटा नसेल असे नव्हे. पण जठराच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध असलेल्या जपानमधून जी कुटुंबे अमेरिकेत जाऊन राहिली, त्यांच्या तेथे जन्मलेल्या पिढीत हा रोग ठळकपणे घटला, हे १९६० च्या दशकातील अभ्यासांनीच दाखवून दिले आहे. रक्त तेच राहिले, स्वयंपाकघर आणि पाणी बदलले. पाश्चात्त्य देशांतही गेल्या शतकात हा रोग ओसरत गेला, आणि त्याचे मोठे श्रेय शीतकपाटाला दिले जाते. ताजे अन्न टिकू लागले तसे खारवण्याचे आणि धुरावण्याचे कारण उरले नाही. उंच डोंगरावर, पावसाळ्यात आठवडे-आठवडे वाट बंद होणाऱ्या गावात चुलीवरच्या फळीवर मांस धुरवून ठेवणे ही चैन नव्हती. ती तरतूद होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ती सिद्ध झालेली नाही, पण विचारात घेण्याजोगी निश्चित आहे. १९५९ च्या बांबू-फुलोऱ्याच्या दुष्काळानंतर मिझो असंतोष वाढत गेला, मार्च १९६६ मध्ये उठाव झाला, भारतीय वायुदलाने ऐझॉलवर बाँब टाकले, आणि १९६७ पासून पुढील तीन-चार वर्षांत शेकडो खेडी उठवून त्यांतील माणसांना रस्त्यालगतच्या संरक्षित वस्त्यांत एकत्र आणण्यात आले. शेत दूर राहिले, धान्य मापून मिळू लागले, दाटी झाली, पाणी अपुरे पडले. बालपणी होणाऱ्या आणि दाटीत फैलावणाऱ्या संसर्गाला याहून अनुकूल परिस्थिती कोणती असू शकेल? त्या वस्त्यांत जे पाचसहा वर्षांचे होते ते आज साठीच्या घरात आहेत, म्हणजे ज्या वयात जठराचा कर्करोग डोके वर काढतो नेमक्या त्याच वयात. हा निव्वळ तर्क आहे. पण तंबाखूच्या बाटलीकडे बोट दाखवून मिझो माणसाला शहाणपण शिकविणाऱ्या दिल्लीकर अधिकाऱ्याने तो एकदा तरी करून पाहावा. ऐझॉल हे शहर आजही डोंगराच्या धारेवर वसलेले आहे. त्याचे पाणी खाली वाहणाऱ्या त्लॉङ नदीतून पंपांनी चढवावे लागते, आणि घरोघरी पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठविले जाते किंवा झऱ्यावरून आणले जाते. जठराच्या आरोग्याचा विचार नळाच्या पाण्यापासून सुरू व्हावयास हवा, याचे स्मरण आरोग्यखात्याला क्वचितच असते.

शासनाचे लक्ष आजवर कोठे होते? मिझोरममध्ये मद्याविरुद्ध चर्चने व संघटनांनी दीर्घकाळ मोहीम चालविली. १९९५ च्या कायद्याने संपूर्ण मद्यबंदी ठरली, १९९७ पासून ती अमलात आली, २०१५ मध्ये ती सैल झाली, २०१९ मध्ये पुन्हा कडक झाली, आणि त्यानंतरही या कायद्याची ओढाताण थांबलेली नाही. सरकारे या प्रश्नावर हलली आणि डुलली. तंबाखूवरून कोणतेही सरकार हलल्याचे ऐकिवात नाही. चर्चने तंबाखूविरुद्ध काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु दारूला जो नैतिक कलंक चिकटला तो तुइबुरच्या बाटलीला कधीच चिकटला नाही, हे नाकारता येणार नाही. बाटली करणाऱ्या घरांचा पोटापाण्याचा प्रश्न तिच्यात गुंतलेला असतो, हे विसरून घातलेली बंदी चोरट्या विक्रीपलीकडे काही साधणार नाही. गुटख्याच्या बाबतीत महाराष्ट्राने २०१२ पासून हा धडा पुरेसा गिरविला आहे.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. तैवानच्या अखत्यारीतील मात्सू बेटांवर जठराचा कर्करोग असाच बोकाळला होता. २००४ पासून तेथील तीस वर्षांवरील रहिवाशांची सरसकट तपासणी करून ज्यांच्या जठरात जंतू सापडला त्यांच्यावर उपचार करण्यात आले. संसर्गाचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि पुढील काही वर्षांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. जपानने २०१३ मध्ये जठरदाहाच्या रुग्णांना हा उपचार आरोग्य विम्यातून देऊ केला. मिझोरमची लोकसंख्या २०११ मध्ये अकरा लाखांच्या आत होती; मुंबईच्या एखाद्या मोठ्या उपनगराहून ती फारशी अधिक नाही. अशा राज्यात हा प्रयोग करून पाहणे अशक्य म्हणता येत नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. हा उपचार म्हणजे तीनचार औषधे दोन आठवडे नेमाने घेणे, आणि भारतात प्रतिजैविकांचा जो बेबंद वापर झाला त्यामुळे त्यांतील काही औषधांना हा जंतू दाद देईनासा झाला आहे. पाणी जुनेच राहिले तर पुनःसंसर्गाची भीती उरते. आणि तिसरी अडचण मिझोरमच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक आहे: धूम्रपान करणाऱ्यांत हा उपचार फसण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणजे तंबाखू सोडविण्याचे काम एका खात्याने आणि जंतू मारण्याचे काम दुसऱ्या खात्याने करावयाचे, ही सरकारी वाटणी येथे चालणार नाही. ज्या खोलीत जठराची तपासणी होते त्याच खोलीत रुग्णाला तंबाखू सोडण्यास मदत करणारा मनुष्य बसला पाहिजे. आज घडते ते उलट. रोग बळावल्यावर माणसे गुवाहाटीला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात येतात. वाशीच्या मिझोरम भवनात उतरलेल्या कुटुंबांत असे कितीतरी रुग्ण असतात. तोवर जठराचा बराचसा भाग कापून काढण्याखेरीज पुष्कळांच्या बाबतीत काही उरलेले नसते, आणि कित्येकांच्या बाबतीत तेवढेही नाही.

मिझो समाजाजवळ या कामासाठी जी यंत्रणा आहे ती भारतातील फार थोड्या समाजांजवळ असेल. १९३५ साली स्थापन झालेली यंग मिझो असोसिएशन गावोगाव, गल्लोगल्ली पसरलेली आहे. गावात मृत्यू झाला की कबर खणण्यापासून रात्र जागविण्यापर्यंत सारे तिचे तरुण करतात. दुसऱ्यासाठी झीज सोसण्याच्या या वृत्तीला मिझो भाषेत 'त्लॉमङाइह्ना' असा खास शब्द आहे. पाहुण्यापुढे तुइबुरचा घोट करण्याची रीत ज्या आपुलकीतून आली, ती आपुलकी दुसऱ्या कशाने व्यक्त करावयाची हे ठरविण्याचा अधिकार याच माणसांचा आहे. बदल अशक्य नाही याची चिन्हेही आहेत: जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत २००९–१० साली मिझोरमचा आकडा ६७.२ टक्के होता, तो २०१६–१७ मध्ये ५८.७ टक्क्यांवर आला. (कुटुंब आरोग्य पाहणीची पद्धत वेगळी असल्याने तिच्या आकड्यांशी हे आकडे ताडून पाहणे बरोबर होणार नाही.)

केंद्र सरकारला मात्र एक गोष्ट तत्काळ करता येण्याजोगी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याला जी अनुसूची जोडली आहे तिच्यात सिगारेट, बिडी, चिरूट, हुक्क्याची तंबाखू, तपकीर, गुटखा इतकेच काय, पण तंबाखूयुक्त दंतमंजन देखील नमूद आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे महाराष्ट्राची मिश्री आली. मिझोरमचे तुइबुर आले नाही. मूळ अनुसूचीत त्याचे नाव नसल्याने बाटलीवर धोक्याची सूचना नाही, आणि अल्पवयीनाला ती विकू नये अशी बंदी त्या कायद्याने घातली आहे असे ठामपणे सांगता येत नाही. त्याच कायद्याच्या ३० व्या कलमाने अनुसूचीत नवा तंबाखूजन्य पदार्थ घालण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. त्यासाठी संसदेपुढे नवे विधेयक आणावे लागत नाही. तीन महिन्यांची पूर्वसूचना आणि राजपत्रातील एक अधिसूचना पुरेशी आहे.